गाठ कोणती, हे आधी कळू दे

पोटाची सोनोग्राफी आता तालुक्याच्या गावीही होते. पित्ताशयातले खडे पाहायला, नाहीतर नुसत्या वार्षिक तपासणीसाठी माणूस आत जातो आणि बाहेर येतो तो किडनीत गाठ असल्याचा रिपोर्ट हातात घेऊन. लघवीतून रक्त, कुशीत दुखणं आणि हाताला लागणारा गोळा ही पाठ्यपुस्तकातली तिन्ही लक्षणं एकत्र घेऊन येणारा रुग्ण आता क्वचित दिसतो. लहान गाठी बहुधा अशाच, दुसरं काही शोधताना सापडतात. सापडल्या की घरातल्या सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं : लवकर काढून टाका.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९७० ते २००० या काळात काढलेल्या २,९३५ घन गाठींचा हिशेब २००३ मध्ये मांडला. त्यातल्या १२.८ टक्के गाठी कॅन्सरच्या नव्हत्याच. एक सेंटीमीटरहून लहान गाठींत हे प्रमाण ४६.३ टक्के होतं, सात सेंटीमीटर आणि त्यापुढच्या गाठींत ६.३ टक्के. अमेरिकेपुरता आणखी एक अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला : कॅन्सर समजून काढलेल्या, पण प्रत्यक्षात साध्या निघालेल्या गाठी २००० साली ३,०९८ होत्या, २००९ साली ५,६२४. तपासण्या वाढल्या, तसा हा आकडाही वाढत गेला.

याच प्रश्नावर पुढचा संवाद आहे. मामा युरॉलॉजीतले जुने, हात बसलेले सर्जन. भाची पॅथॉलॉजिस्ट. दोघेही कल्पित आहेत आणि त्यांच्यासमोरची रुग्णही. त्यांच्या तोंडचे अभ्यास आणि आकडे मात्र खरे आहेत. रुग्ण ५८ वर्षांच्या शिक्षिका. मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. उजव्या किडनीत २.८ सेंटीमीटरची घन गाठ, सीटी स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्ट घेणारी, चरबी न दिसणारी.

मामा : यात एवढं घुटमळण्यासारखं काय आहे? घन आहे, कॉन्ट्रास्ट घेते, चरबी नाही. या मापाच्या दहा गाठींतल्या आठ कॅन्सरच्या निघतात. दुर्बिणीतून गाठ तेवढी काढू, किडनी वाचवू, चार दिवसांत बाई घरी.

भाची : आणि उरलेल्या दोन? त्या बायकांनी भूल घेतली, पोटात छिद्रं पाडून घेतली, किडनीचा तुकडा दिला, तो कशासाठी? आणि मामा, साध्या गाठींचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त असतं, हे तुम्हाला माहीत आहे.

मामा : माहीत आहे. पण ऑपरेशनआधी मला ती दहातली कुठली, हे कोण सांगणार? चरबी दिसली असती तर मी स्वतःच हात लावला नसता.

चरबीचा मुद्दा वाचकासाठी थोडा उलगडायला हवा, कारण साध्या गाठींपैकी एक जात इथेच सुटते. अँजिओमायोलायपोमा ही रक्तवाहिन्या, गुळगुळीत स्नायू आणि चरबी यांची मिळून झालेली गाठ. सीटीच्या मापनात पाणी शून्यावर असतं आणि चरबी शून्याच्या खाली. गाठीतला एखादा भाग उणे दहाच्याही खाली गेला तर तिथे चरबी आहे, आणि मग निदान बहुधा तिथेच होतं. त्यासाठी कॉन्ट्रास्ट देण्याआधीचा साधा, पातळ कापांचा सीटी लागतो. घाईत तोच टप्पा वगळला, तर कॉन्ट्रास्टने उजळलेल्या गाठीत चरबीचे लहान ठिपके हरवतात. चांगला रेडिओलॉजिस्ट म्हणूनच आधी साध्या कापांबद्दल विचारतो. अशा गाठीचा धोका वेगळा आहे, तो रक्तस्रावाचा. चार सेंटीमीटरपुढे तो जास्त गांभीर्याने घेतात आणि गरज पडल्यास रक्तवाहिनीतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात. ट्युबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजारात अशा गाठी दोन्ही किडन्यांत होतात. त्यांच्यासाठी एव्हरोलिमस हे औषध २०१२ पासून अमेरिकेत मान्य आहे. अडचण आहे ती थोड्या अँजिओमायोलायपोमांमध्ये चरबी इतकी कमी असते की सीटीला ती दिसत नाही, ही. या शिक्षिकेची गाठ तशीही असू शकते.

भाची : तशी असू शकते, किंवा ऑन्कोसायटोमा असू शकतो. किडनीच्या घन गाठींत शंभरात तीन ते सात ऑन्कोसायटोमा असतात. झिपेल यांनी १९४२ मध्ये त्याचं वर्णन केलं, पण १९७६ मध्ये क्लाइन आणि व्हॅलेन्सी यांनी तेरा रुग्ण मांडले, तेव्हा कुठे जगाने ही वेगळी, सौम्य वागणारी गाठ म्हणून दखल घेतली. त्याआधी असे रुग्ण कॅन्सरचे म्हणूनच मोजले जात होते.

मामा : आणि सीटीवर तो कॅन्सरपासून वेगळा दिसत नाही. मधोमध चांदणीसारखा व्रण दिसतो म्हणतात. तो सुमारे एक-तृतीयांश गाठींतच दिसतो, आणि कॅन्सरची गाठ मध्ये कुजली की तीही तशीच दिसते. मी त्या खुणेवर कुणाची किडनी सोडणार नाही.

भाची : त्या खुणेवर सोडा असं मी म्हणतच नाही. मी बायोप्सी म्हणते आहे.

मामा : शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात सगळा एकसारखा शिजलेला असतो. गाठ तशी नसते. सुईच्या टोकाला आलेल्या केसाएवढ्या दोन तारांवरून तू सबंध गाठीचा निकाल देणार?

भाची : कधी देणार, कधी नाही देणार. आणि नाही देणार तेव्हा तसं स्पष्ट लिहिणार. २०१६ मध्ये युरोपात ५७ अभ्यास एकत्र करून पाहिले, पाच हजारांहून अधिक रुग्ण. शंभरातल्या सुमारे ९२ बायोप्सींतून निदान मिळालं. जाड सुईच्या बायोप्सीने कॅन्सर ओळखण्याची संवेदनशीलता ९९ टक्क्यांच्या वर निघाली. टोरंटोच्या एका केंद्राने २०१५ मध्ये ५२९ बायोप्सी मांडल्या : पहिल्याच वेळी ९० टक्क्यांत उत्तर, आणि उत्तर मिळालेल्यांत सुमारे २६ टक्के गाठी साध्या. म्हणजे चारातल्या एका माणसाशी बोलणंच बदललं.

मामा : मीही त्याच वर्षीचा अभ्यास सांगतो. २०१६चाच, अमेरिकेतला. शंभरातल्या १४ बायोप्सींतून काहीच कळलं नाही. त्यातल्या ज्यांचं पुढे ऑपरेशन झालं, त्यांच्यात दहातल्या नऊ गाठी कॅन्सरच्या निघाल्या. आणि बायोप्सीने कॅन्सर नाही म्हटलं, तर ते खरं ठरण्याचं प्रमाण ६८.५ टक्के! तुझा रिपोर्ट वाचून ती बाई देवाला नारळ फोडेल, आणि तीन वर्षांनी फुप्फुसात डाग घेऊन माझ्याकडे येईल.

मामांचा हा घाव वर्मी आहे, आणि त्याला भाचीने दिलेलं उत्तर मला या सबंध वादात सर्वांत मोलाचं वाटतं. म्हणून ते कापत नाही.

भाची : मामा, ६८.५चा आकडा मी लपवत नाही. पण त्यात दोन गोष्टी एकत्र येतात, आणि रुग्णाला त्या वेगळ्या करून सांगणं आपलं काम आहे. ‘या तुकड्यात कॅन्सर दिसला नाही’ हे एक वाक्य. त्याचा अर्थ सुई चुकली असेल, शेजारची चांगली किडनी आली असेल, कुजलेला भाग आला असेल. ते निदान नव्हे, ती निदानाची उणीव आहे. त्यावर पुन्हा बायोप्सी किंवा ऑपरेशन. ‘हा ऑन्कोसायटोमा आहे’ किंवा ‘हा अँजिओमायोलायपोमा आहे’ हे दुसरं वाक्य. ते मी लिहिते तेव्हा माझ्याकडे पेशींचा आकार असतो, केंद्रकं असतात, विशेष रंगांच्या चाचण्या असतात. शिवाय बायोप्सीत साधी निघालेली गाठ सहसा कुणी काढतच नाही. काढली जाते ती वाढणारी, संशय न गेलेली. ज्या काढल्या त्यांच्यावरूनच ६८.५ निघाले आहेत. ज्या सुखरूप राहिल्या त्या या हिशेबात नाहीत.

मामा : हा मुद्दा मी मान्य करतो. पण तुमचा नेमका ऑन्कोसायटोमाच तुम्हाला फसवतो ना? बायोप्सीत ऑन्कोसायटोमा म्हटलेल्या आणि पुढे काढलेल्या गाठी पाहिल्या तर सुमारे दोन-तृतीयांशच खरोखर तशा निघाल्या. बाकीच्यांत क्रोमोफोब कॅन्सर होता, मिश्र गाठी होत्या.

भाची : क्रोमोफोब हा त्याचा जुळ्या भावासारखा चेहरा घेऊन येतो, खरं आहे. माणसातला क्रोमोफोब कॅन्सर वेगळा ओळखला गेला तोच १९८५ मध्ये. दोघांच्या पेशी मोठ्या, गुलाबी, दाणेदार. ऑन्कोसायटोमाच्या पेशीत मायटोकॉन्ड्रियांची नुसती गर्दी असते, त्याने तो रंग येतो. मी आधी केंद्रकं पाहते : ऑन्कोसायटोमात गोल, गुळगुळीत, क्रोमोफोबमध्ये सुरकुतलेली, भोवती मोकळं कडं. मग रंगचाचण्या. सीडी-११७ दोघांतही येतो, त्याचा उपयोग बाकीचे कॅन्सर बाजूला काढायला. सीके-७ ऑन्कोसायटोमात इकडे-तिकडे एखाद्या पेशीत दिसतो, क्रोमोफोबमध्ये बहुधा भरभरून. सीके-७ सगळीकडे आणि सीडी-११७ मुळीच नाही, असं आलं तर ती आणखी वेगळी, सौम्य वागणारी गाठ; २०१८ नंतर तिला स्वतंत्र नाव मिळालं. तरीही काही स्लाइड अशा येतात की मी ठाम सांगू शकत नाही. मग ‘ऑन्कोसायटिक गाठ, क्रोमोफोब पूर्ण वगळता येत नाही’ असं लिहिते. तेवढ्या रिपोर्टनेही एक गोष्ट होते : झपाट्याने पसरणारा क्लिअर सेल कॅन्सर बाजूला पडतो. लहान क्रोमोफोब सहसा संथ असतो. थांबून पाहायला वेळ मिळतो.

मामा : थांबून पाहताना गाठ वाढली तर?

भाची : ऑन्कोसायटोमाही वाढतो. वाढला म्हणून तो कॅन्सर ठरत नाही. टोरंटोच्याच २०१६ च्या पाहणीत ऑन्कोसायटोमा वर्षाला सरासरी ०.१४ सेंटीमीटर वाढले, क्रोमोफोब ०.३८.

मामांचा पुढचा आक्षेप सुईच्या मार्गात कॅन्सरच्या पेशी सांडण्याचा होता. ही भीती खोटी नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या केंद्राने असे सात रुग्ण नोंदवले. पण जगभरात होणाऱ्या हजारो बायोप्सींच्या मानाने ही घटना फार विरळ आहे. रक्तस्राव त्याहून अधिक दिसतो, तोही बहुतेक वेळा आपोआप थांबणारा. दोन्ही गोष्टी रुग्णाला आधी सांगायच्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारून थांबवायची, आणि बायोप्सीनंतर काही तास पडून राहायचं. एवढ्यावर दोघांचं पटलं.

मामा : सुईशिवाय काही नाही का? तुमचे नवे स्कॅन?

भाची : एक फार सुंदर कल्पना आहे. हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा पाहायला आपण टेक्नेशियम सेस्टामिबी वापरतो. ते मायटोकॉन्ड्रियांत जाऊन बसतं. मग मायटोकॉन्ड्रियांनी भरलेला ऑन्कोसायटोमा त्यात उजळायला हवा, आणि बहुतेक कॅन्सर थंड राहायला हवेत. जॉन्स हॉपकिन्सने २०१६ मध्ये ५० रुग्णांवर ते करून पाहिलं. सहापैकी पाच ऑन्कोसायटोमा उजळले, दोन्ही मिश्र गाठी उजळल्या. उरलेल्या ४२ पैकी ४० उजळल्या नाहीत.

मामा : पन्नास रुग्ण म्हणजे सुरुवात झाली.

भाची : सुरुवातच. म्हणून मी तो स्कॅन बायोप्सीच्या जागी ठेवत नाही, शेजारी ठेवते. उलट्या बाजूने क्लिअर सेल कॅन्सरला चिकटणारा झिर्कोनियमचा पेट स्कॅन आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने सुमारे ८६ टक्के क्लिअर सेल गाठी ओळखल्या. पण तो काही उद्या सकाळी आपल्या शिक्षिकाबाईंना लिहून देता येणार नाही.

मामा : बरं. आता माझं ऐक. तू सगळा वेळ ‘साधी म्हणजे ठेवायची’ असं धरून बोलते आहेस. विशीतली मुलगी येते, रक्तदाब दोनशेच्या घरात, पोटॅशियम खाली, किडनीत बारीकशी गाठ. रेनिन सोडणारी गाठ. १९६७ मध्ये तिची पहिली नोंद झाली. कॅन्सर म्हणावा अशी ती जवळजवळ कधीच वागत नाही. पण ती काढली की मुलीचा रक्तदाब उतरतो. ती मी ठेवू?

भाची : मुळीच नाही. पण तिथेही तुम्ही आधी ओळखलंत आणि मग काढलंत. माझं म्हणणं तेवढंच आहे. उलटंही होतं : किडनीतली गाठ लिम्फोमाची निघते, दुसऱ्या अवयवातून आलेल्या कॅन्सरची निघते, क्षयाची निघते. अमेरिकन युरॉलॉजी संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात की असा संशय असेल तिथे बायोप्सीचा विचार कराच. लिम्फोमाला केमो लागते, क्षयाला गोळ्या. किडनी काढून दोघांचंही भलं होत नाही.

मामा : तिथे माझा वाद नाही. माझा वाद या बाईंपुरता आहे. आता आपण पूर्वीसारखी सबंध किडनी काढत नाही. गाठ आणि भोवतीची पातळ कड काढतो. नुकसान किती होतं?

भाची : तुमच्या हातून कमी होतं. पण सगळीकडे तुम्ही नाही. गाठ मधोमध, मोठ्या वाहिन्यांना लागून असली की अजूनही सबंध किडनी जाते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगचा २००६ चा अभ्यास चार सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींचाच होता. क्रिएटिनिन ठीक, दोन्ही किडन्या शाबूत, तरी २६ टक्के रुग्णांची किडनी हिशेबाने आधीच दुबळी होती. तीन वर्षांनी किडनीचं गाळण्याचं काम (जीएफआर) ६० च्या वर टिकण्याची शक्यता गाठच काढलेल्यांत ८० टक्के आणि पूर्ण किडनी काढलेल्यांत ३५. या बाईंना मधुमेह आहे, रक्तदाब आहे. किडनीदात्याचं उदाहरण त्यांना देऊ नका. दाता पारखून निवडलेला असतो.

मामा : आणि युरोपातली २०११ ची चाचणी? चिठ्ठ्या टाकून ५४१ रुग्ण वाटले, पाच सेंटीमीटरपर्यंतच्या गाठी. दहा वर्षांनी पूर्ण किडनी काढलेल्यांत ८१ टक्के हयात, वाचवलेल्यांत ७६. तुझं क्रिएटिनिन कागदावर बिघडतं, माणसं मरत नाहीत.

भाची : ठरवलेले १,३०० रुग्ण मिळालेच नाहीत म्हणून ती चाचणी आधीच थांबली. तरी तिचं उत्तर मला गैरसोयीचं आहे, हे मी मान्य करते. पण ती सुद्धा दोन ऑपरेशनांची तुलना आहे. साधी गाठ असलेल्या बाईला दोन्हींपैकी कुठलंच लागत नव्हतं.

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग ते ज्या मुद्द्यावर आले तो आपल्याकडचा आहे, आणि परदेशी शोधनिबंधांत तो सापडत नाही.

मामा : समज, बायोप्सीत साधी निघाली. पुढे काय? सहा महिन्यांनी स्कॅन, मग वर्षाने, मग दरवर्षी. माझे निम्मे रुग्ण गावाकडचे. एस.टी.ने येतात, दिवसाची मजुरी बुडते, स्कॅनचे पैसे वेगळे. दुखत नाही म्हटल्यावर ते परत येत नाहीत. ऑपरेशन सरकारी योजनेत बसतं. पाच वर्षांची नजर कुठल्या योजनेत बसते? माणूस हातातून निसटण्यापेक्षा एकदाच काढून मोकळं करावं, असं मला वाटतं ते कसाईपणातून नाही.

भाची : ते मला ठाऊक आहे, मामा. पण नजर ठेवायला प्रत्येक वेळी सीटी लागत नाही. गाठ सोनोग्राफीत नीट दिसत असेल तर बऱ्याचदा सोनोग्राफी पुरते, आणि ती तालुक्यात होते. आणि घाई नसते हेही सांगू या. अमेरिकेतल्या एका नोंदवहीत लहान गाठींच्या रुग्णांनी स्वतः निवड केली, २७४ जणांनी उपचार, २२३ जणांनी नजर. यातल्या बहुतेकांची बायोप्सी झालेलीही नव्हती. पाच वर्षांनी किडनीच्या कॅन्सरने न दगावलेले पहिल्या गटात ९९ टक्के, दुसऱ्यात १००. बायोप्सीसाठी तीन आठवडे घेतल्याने या बाईंचं काही बिघडत नाही.

मामा : चाळिशीतला धडधाकट माणूस, गाठ किडनीच्या पृष्ठभागावर, सहज निघणारी. त्याची मी आधी बायोप्सी करणार नाही, त्याला सगळं सांगून काढीन. सात सेंटीमीटरच्या गाठीचीही करणार नाही. तिथे साधी निघण्याची शक्यताच थोडी. या बाईंची करीन. पण रिपोर्टमध्ये तू ‘कॅन्सर दिसला नाही’ एवढंच लिहिलंस, तर मी ऑपरेशन करणार.

भाची : आणि मी नेमकं नाव लिहिलं तर?

मामा : तर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला बोलावीन, आणि नाही आल्या तर फोन करीन.

दोघांतलं अंतर पूर्ण मिटलं नाही, आणि मिटावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. तरुण माणसाच्या सहज निघणाऱ्या गाठीबद्दल मामांचं म्हणणं मला पटतं. गावाकडच्या रुग्णाबद्दलची त्यांची काळजी खरी आहे, पण तिचं उत्तर पाठपुरावा सुधारणं हे आहे. साधी गाठ कापणं हे नव्हे. चार सेंटीमीटरच्या आतली गाठ, साठीकडे झुकलेलं वय, मधुमेह किंवा दुबळी किडनी, असा रुग्ण समोर असेल तर माझं मत भाचीच्या बाजूने आहे.

तुमच्या घरात कुणाच्या रिपोर्टवर किडनीतली गाठ लिहून आली असेल, तर स्कॅनची सीडी जपून ठेवा आणि साध्या कापांत चरबी शोधली का, हे रेडिओलॉजिस्टला विचारा. लघवीतून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून ताबडतोब युरॉलॉजिस्टकडे जा. बायोप्सी झाली असेल, तर रिपोर्टमध्ये गाठीचं नेमकं नाव आहे की नुसतं ‘कॅन्सर दिसला नाही’ आहे, हे समजून घ्या. आणि लहान गाठीच्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा, की ही गाठ कॅन्सरची नसण्याची शक्यता किती, आणि सुईने ते आधी कळू शकेल का.